पावसाळ्यात प्लास्टरचे ठसे सांभाळताना

आठव्या महिन्यात पोटाचा ठसा घेऊन ठेवायचा, बाळ झालं की त्याची मूठ आणि तळपाय प्लास्टरमध्ये उतरवून घ्यायचे, आजीच्या हातात नातवाचा हात गुंफून दोघांचा मिळून एक ठसा करायचा, ही हौस आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. जिल्ह्याच्या गावीही ठसे घेणारे कलाकार भेटतात आणि घरच्या घरी करायचे संच ऑनलाइन मिळतात. महिन्याच्या बाळाची मूठ पुढच्या महिन्यात तशी राहत नाही, त्यामुळे या ठशांना दुसरी संधी नसते. तरीही ठसा घेताना जेवढी काळजी घेतली जाते, त्याच्या निम्मीही तो वाळवताना घेतली जात नाही. मग ऑगस्ट उजाडतो आणि पांढऱ्या प्लास्टरवर करडे, हिरवट, कधी काळे ठिपके दिसू लागतात. घाबरून कोणी ओल्या फडक्याने पुसतं, कोणी वरून रंगाचा हात मारतं. दोन्ही गोष्टी बुरशीच्याच पथ्यावर पडतात.

प्लास्टर हे काही बुरशीचं अन्न नाही, हे आधी लक्षात घ्या. इटलीत पोंपेईच्या राखेत माणसांची शरीरं कुजून जी पोकळी उरली होती, तिच्यात जुझेप्पे फिओरेल्ली यांनी १८६३मध्ये प्लास्टर ओतायला सुरुवात केली. ती माणसं आजही त्याच आकारात पाहायला मिळतात. आपल्याकडे गणपतराव म्हात्रे यांनी जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना १८९६च्या सुमारास घडवलेली ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरचीच. मुंबईच्या दमट हवेत शतकाहून अधिक काळ ती टिकली आहे. तेव्हा ‘आमच्याकडे समुद्राची हवा आहे, प्लास्टर राहायचंच नाही’ असं मानायचं कारण नाही. प्लास्टर राहतं. त्यात अडकलेलं पाणी आणि त्याला चिकटलेलं अन्न, या दोन गोष्टी तेवढ्या काढायला हव्यात.

पाणी किती असतं

जिप्सम भाजलं की त्यातलं बरंचसं पाणी उडून पीओपी तयार होतं. आपण त्यात पाणी घालतो तेव्हा त्याचं पुन्हा जिप्सम होतं आणि ते घट्ट बसतं. या क्रियेला प्रत्यक्षात फार थोडं पाणी लागतं. एक किलो पीओपी जेमतेम १८६ ग्रॅम पाणी बांधून घेतं. पण तेवढ्याच पाण्यात भिजवलं तर मिश्रण ओतता येणार नाही, म्हणून आपण ६५० ते ७०० मिलिलिटर पाणी घालतो. म्हणजे किलोभर प्लास्टरच्या ठशात अर्धा लिटरभर पाणी असं राहतं, जे प्लास्टरला नको आहे. अर्ध्या तासात ठसा दगडासारखा कडक होतो, आपण तो साच्यातून काढतो, हातात घेऊन कौतुक करतो, आणि ते अर्धा लिटर पाणी त्याच्या पोटात तसंच असतं. कडक होणं आणि वाळणं या दोन वेगळ्या घटना आहेत. पहिलीला मिनिटं लागतात, दुसरीला आठवडे.

याच कारणासाठी बाळाच्या हातापायांच्या ठशांना हार्डवेअरच्या दुकानातल्या सुट्या पीओपीपेक्षा दंतवैद्य वापरतात तो डेंटल स्टोन मी चांगला मानतो. त्याचे कण घट्ट आणि आटोपशीर असल्यामुळे किलोला साधारण ३०० मिलिलिटर पाणी पुरतं, म्हणजे वाळवून काढायचं पाणी शंभर-सव्वाशे ग्रॅमच उरतं. शिवाय बोटांवरच्या बारीक सुरकुत्याही स्वच्छ उतरतात. दातांच्या दवाखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत तो किलोच्या पिशवीत मिळतो. महाग आहे, पण बाळाच्या दोन हातांना आणि दोन पायांना लागतो किती?

आता अन्नाकडे. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, त्यांना घराबाहेर ठेवता येत नाही. त्यांना हवी असते ओल आणि खायला काहीतरी सेंद्रिय. पोटाच्या ठशात ही सोय आपणच करून देतो, कारण तो प्लास्टरच्या पट्ट्यांचा असतो. मोडलेल्या हाडांसाठी डच लष्करातले शल्यविशारद आंतोनियुस माथायसन यांनी १८५२मध्ये जी पट्टी जगापुढे मांडली, तिचीच ही वंशज, म्हणजे सुती जाळीत भरलेलं प्लास्टर. सुती धागा म्हणजे सेल्युलोज आणि सेल्युलोज बुरशीला फार आवडतं. घरांच्या जिप्सम बोर्डवर जी काळी बुरशी धरते तीही मुख्यतः वरच्या कागदावर पोसली जाते. आतल्या जिप्समशी तिला देणंघेणं नसतं. बाळाच्या ठशात सुती जाळी नसते, पण तिथे आल्जिनेट असतं. समुद्री शेवाळापासून केलेली ही पावडर पाण्यात कालवून तिच्यात बाळाचा हात बुडवतात आणि त्या साच्यात प्लास्टर ओततात. नखांच्या कडेला, बोटांच्या बेचक्यांत तिचे कण अडकून राहतात. पहिला ठिपका बहुधा तिथेच उमटतो. याखेरीज त्वचेचा कोंडा, लव आणि कातडीला लावलेलं खोबरेल तेल.

ठसा घेतानाच

अंगाला खोबरेल तेल लावू नका, पेट्रोलियम जेली लावा आणि तीही पातळ. जाड थर दिला तर ती ठशाच्या आतल्या बाजूला लपेटून बसते, पाणी बाहेर पडू देत नाही आणि पुढे रंगही धरू देत नाही. ठसा उतरवल्यावर आतली बाजू टिश्यू पेपरने हलकेच टिपून घ्या.

पट्टी पाण्यात बुडवून काढली की दोन बोटांच्या चिमटीत निथळून मगच अंगावर ठेवा. तीन ते चार थर पुरेत, कडांना आणखी एक. मजबुतीच्या नावाखाली आठ-आठ थर चढवले की मधले थर महिनाभर ओले राहतात. थर कमी, पण प्रत्येक थर तळव्याने नीट चोळून एकजीव केलेला, असा ठसा हलकाही होतो आणि लवकर वाळतोही.

आल्जिनेटच्या साच्यात प्लास्टर घट्ट बसलं की तासाभरात ठसा बाहेर काढा. पाहुणे येईपर्यंत किंवा सकाळपर्यंत साचा तसाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती सोडा. उरलेले कण लाकडी दातकोरणीने आणि मऊ टूथब्रशने ताबडतोब काढा. वाळल्यावर ते चिवट होतात.

लवकर घट्ट व्हावं म्हणून पाण्यात मीठ घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. प्लास्टर लवकर बसतं हे खरं, पण मीठ हवेतली ओल ओढत राहतं आणि पुढे पृष्ठभागावर फुलून येतं. बुरशी येऊ नये म्हणून मिश्रणातच ब्लीच, डेटॉल किंवा टाकणखार मिसळणंही टाळा. टाकणखाराने प्लास्टर बसायला उशीर होतो आणि बाकीच्या दोन्हींनी ठसा किती कमजोर होईल याचा अंदाज येत नाही. गेल्या वर्षीची उघडी पिशवी वापरू नका. हवेतली ओल शोषलेलं पीओपी अर्धवट बसतं आणि भुसभुशीत राहतं.

विषय बुरशीचा असला तरी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. प्लास्टरच्या बादलीत थेट हात कधीही बुडवू नका आणि मुलांना तर मुळीच बुडवू देऊ नका. घट्ट होताना प्लास्टर तापतं आणि जाड गोळ्यात ही उष्णता भाजण्याइतकी वाढते. इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये २००७ साली कलेच्या तासाला एका शाळकरी मुलीने असे हात बुडवले होते आणि तिला बहुतेक बोटं गमवावी लागली. अंगाला लागायचं ते आल्जिनेट किंवा पातळ पट्टी. ओतीव प्लास्टर फक्त साच्यात.

वाळवण

खरं काम इथे सुरू होतं, आणि इथेच घाई होते. दमट हवेत ओली वस्तू एक-दोन दिवस तशीच पडून राहिली तरी बुरशीला पाय रोवायला तेवढा वेळ पुरतो. म्हणून पहिल्या दिवसापासून ठशाभोवती हवा खेळती हवी. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ठसा ठेवणं चुकीचं आहे. खालची बाजू ओल धरते आणि कागद बुरशीला जेवण पुरवतो. भांडी निथळायची जाळी किंवा कूलरची जुनी जाळी घ्या, तिच्यावर ठसा ठेवा आणि टेबलफॅन मध्यम वेगात बाजूने लावा. पापड जसे दोन्ही अंगांनी वाळवतो तसाच ठसाही दिवसातून दोनदा उलटा. पोटाचा ठसा मात्र पहिले दोन दिवस घुमट वर ठेवून जाळीवर बसवा. ओला असताना उताणा ठेवला तर कडा बाहेर फाकतात आणि तसाच वाळला की आकार कायमचा बिघडतो.

उन्हाचं काय? सकाळचं कोवळं ऊन चांगलं. मे महिन्यातल्या विदर्भातल्या गच्चीवर दुपारी बारा वाजता ठेवू नका. पातळ ठसा एका अंगाने भराभर वाळतो आणि वाकतो किंवा तडकतो. ओव्हन, मायक्रोवेव्ह, गरम हवेचा हेअर ड्रायर, गॅसशेजारचा ओटा यांच्यापासून ठसा लांब ठेवा. ४५ अंशांच्या आत राहावं हा चांगला नियम. त्याहून जास्त उष्णता बराच वेळ लागली तर जिप्सम स्वतः बांधून घेतलेलं पाणी सोडू लागतं आणि पृष्ठभाग पिठासारखा होऊन हाताला लागतो. बाळाच्या तळव्यावरच्या रेषा अशा पुसल्या गेल्या की परत येत नाहीत.

जून ते सप्टेंबर हा कोकणात, मुंबईत आणि गोव्यात कसोटीचा काळ. हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. ७० टक्क्यांच्या पुढे बुरशीला वाढायला वाव मिळतो आणि ८०च्या पुढे तर तिची चंगळ असते. अशा हवेत नुसता पंखा लावून भागत नाही, कारण पंखा तीच दमट हवा फिरवतो. घरात एसी असेल तर त्या खोलीची दारं-खिडक्या बंद करून तो ड्राय मोडवर रोज काही तास चालवा आणि ठसा त्याच खोलीत ठेवा. त्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नका. दोरीवरच्या कपड्यांतून निघालेलं पाणी ठशात जाऊन बसतं. एसी नसेल तर ओळखीपाळखीत कोणाकडे आहे का पाहा आणि ठसा दोन आठवडे तिथे मुक्कामाला पाठवा. कलाकाराकडून ठसा करून घेत असाल तर त्याला स्पष्ट विचारा की वाळवण त्याच्याकडे होणार की तुमच्याकडे, आणि कुठल्या खोलीत. चांगला कलाकार या प्रश्नाने रागावत नाही.

सिलिका जेलच्या पुड्यांवर लोकांचा फार विश्वास. हिशेब करून पाहा. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा पाणी धरतं. अर्धा लिटर पाणी शोषायला दीड किलो जेल लागेल. बुटांच्या खोक्यातल्या चार पुड्या टाकून ठसा डब्यात बंद केला तर त्याला घरातलंच पावसाळी तळघर मिळतं. तांदळाच्या डब्याचंही तेच. जेलचा उपयोग वाळलेला ठसा कोरडा ठेवायला होतो, ओला ठसा वाळवायला नाही.

वाळला हे कसं ओळखायचं? स्वयंपाकघरातला वजनकाटा सगळ्यांत भरवशाचा. ठसा काढल्या दिवशीचं वजन कागदावर लिहा आणि दर दोन दिवसांनी मोजत जा. सुरुवातीला वजन झपाट्याने उतरतं, मग हळू होतं, मग थांबतं. तीन-चार दिवस आकडा हलला नाही की समजा वाळला. कोरड्या हवेत हाताएवढ्या ठशाला आठ-दहा दिवस, पोटाच्या ठशाला त्याच्या आसपास, आणि भर पावसाळ्यात तीन आठवडे किंवा अधिक लागू शकतात. वजनकाट्यावर न मावणारा ठसा गालाला लावून पाहा. खोलीपेक्षा थंड लागला तर त्यातून अजून पाणी उडतं आहे. आणखी एक खूण म्हणजे जाड भागावर पॉलिथिनचा तुकडा चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आत दव दिसलं तर थांबा.

या टप्प्याआधी रंग, वॉर्निश, चमकी, सोनेरी वर्ख, काहीही लावू नका. बारशाला ठसा मांडायचा म्हणून पाचव्या दिवशी रंगवलेले ठसे मी इतके पाहिले आहेत की या एका मुद्द्यावर मला कडक बोलावंसं वाटतं. रंगाखाली कोंडलेलं पाणी कुठे जाणार? ते आत राहतं, बुरशी रंगाखाली वाढते आणि बाहेर दिसते तोवर फार उशीर झालेला असतो. बारशाला पांढराच मांडा. पांढरा ठसा सुंदर दिसतो.

रंग, भिंत, फ्रेम

वाळलेल्या ठशाला पाण्यात मिसळणाऱ्या अॅक्रिलिक प्रायमरचे दोन पातळ हात पुरतात. पहिला हात पूर्ण वाळल्यावर दुसरा द्या. पोटाच्या ठशाची आतली बाजू न विसरता रंगवा, कारण भिंतीकडे तोंड करून टांगलेल्या ठशात बुरशी आतूनच सुरू होते. सजावटीसाठी कागद, कापड, लेस चिकटवायची असेल तर मैद्याची खळ वापरू नका.

टांगायची जागा निवडताना भिंतीला हात लावून पाहा. पावसाचा मारा ज्या बाजूने येतो ती बाहेरची भिंत नको, न्हाणीघराला लागून असलेली भिंत नको आणि स्वयंपाकघरात वाफेच्या वाटेवरही नको. ठशाच्या मागे चार कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या गुंड्या लावा, म्हणजे भिंत आणि ठसा यांच्यात बोटभर फट राहील आणि हवा खेळेल.

काचेची बंद फ्रेम घेणार असाल तर मागचा बोर्ड एमडीएफचा किंवा पुठ्ठ्याचा नको. दोन्ही ओल पितात. अॅक्रिलिकचा किंवा पीव्हीसीचा पत्रा घ्या, मागच्या बाजूला दोन-तीन बारीक भोकं ठेवा. इथे एक नाजूक गोष्ट. बाळाच्या ठशाबरोबर त्याचं जावळ, वाळलेली नाळ, बारशाच्या हारातली फुलं एकाच फ्रेममध्ये ठेवण्याची इच्छा होते. ती समजण्यासारखी आहे. पण हे सगळं बुरशीचं खाद्य आहे आणि बंद काचेत ते ठशाला लागण देतं. जावळ आणि नाळ वेगळ्या लहान डबीत, कोरड्या कपाटात ठेवा. तिथे सिलिका जेलची पुडी खरंच उपयोगी पडते. फ्रेमच्या खोलीत आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र ठेवलं तर उत्तम. ते स्वस्तात मिळतं. आकडा ६० टक्क्यांच्या आत असला तर काळजी नाही, ७०च्या वर रेंगाळू लागला तर काहीतरी करा.

ठिपके दिसलेच तर

प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. पांढरी, खरखरीत, स्फटिकांसारखी चमकणारी भुकटी असेल तर ते क्षार आहेत. ओल्या कापसाच्या टोकाने स्पर्श केला की ते विरघळतात, वास नसतो. कोरड्या ब्रशने झटकले की झालं, फक्त ठसा अजून ओला होता एवढा निरोप त्यांच्याकडून घ्यायचा. तांबूस, कडा स्पष्ट असलेला डाग, ठशात टांगण्यासाठी किंवा आधारासाठी तार घातली असेल तर, तिच्या गंजाचा असतो. पिवळसर, पसरट, तेलकट डाग जेलीचा किंवा तेलाचा. बुरशी मऊ, मखमली किंवा भुरकट असते, ठिपक्यांतून वर्तुळं होत पसरते, बोट फिरवलं तर फासते आणि तिला कुबट वास येतो.

बुरशीच आहे असं ठरलं तर साफ कोणी करायची हे आधी ठरवा. गर्भवती बाई, बाळंतीण, दम्याचा किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस, यांनी ते करू नये. बाळाच्या पाळण्यावर टांगलेला ठसा असेल तर तो त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत न्या. बाळाच्या आजोबांनी, काकाने हे काम अंगावर घ्यावं. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा, आणि काम गॅलरीत किंवा गच्चीवर, घराकडे वारा वाहत नसताना. घरात कोरड्या ब्रशने झटकलं तर बीजाणू पडद्यांवर, गाद्यांवर पसरतात. साध्या व्हॅक्यूम क्लीनरचंही तेच होतं. पुढून ओढलेले बीजाणू तो मागून बाहेर सोडतो.

पहिलं काम ठसा कोरडा करणं. कोरडी बुरशी वाढायची थांबते, आणि ओल्या प्लास्टरवर केलेला कोणताही उपचार फार खोल जात नाही. मग औषधाच्या दुकानातून ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. हात धुण्याचा सॅनिटायझर चालणार नाही. त्यातलं ग्लिसरीन प्लास्टरवर राहून ओल धरतं. ७० टक्केच का, ९९ का नाही, असा प्रश्न नेहमी येतो. शुद्ध अल्कोहोल क्षणात उडून जातं. थोडं पाणी मिसळलेलं जरा वेळ टिकतं आणि बुरशीच्या पेशीत शिरतं. डागावर फवाऱ्याने हलका शिडकावा करा, म्हणजे बीजाणू उडणार नाहीत. मग कापसाच्या बोळ्याने डागाच्या कडेकडून मध्याकडे टिपत या. घासू नका, घासल्याने बुरशी छिद्रांत दाबली जाते. प्रत्येक टिपणीला बोळा नवा. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा एकदा. जवळपास दिवा, उदबत्ती, गॅस, विडी काही नको. अल्कोहोल सहज पेट घेतं. बोळे पिशवीत बांधून लगेच बाहेर टाका. ठसा पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्या.

रंगवलेल्या ठशावर हेच करण्याआधी मागे, न दिसणाऱ्या जागी थेंबभर लावून पाहा. अल्कोहोलने अॅक्रिलिक रंग मऊ पडतो आणि लाखेचं वॉर्निश तर विरघळतंच. रंगाखाली बुरशी असेल तर वरवर पुसून उपयोग नाही. तेवढ्या भागाचा रंग काढावाच लागतो.

बुरशी मेली तरी तिचा रंग मागे राहतो. तो काढायला हायड्रोजन पेरॉक्साइड वापरा. औषधाच्या दुकानात ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. तेवढंच पाणी मिसळलं की ३ टक्क्यांचं होतं. कापसाच्या काडीने फक्त डागावर लावा, फेस शमला की टिपून घ्या, आणि पुन्हा वाळवण. पेरॉक्साइडचं शेवटी पाणी आणि प्राणवायू होतो, म्हणून प्लास्टरमध्ये क्षार राहत नाहीत. एका दिवसात तीन वेळा लावण्यापेक्षा आठवड्याच्या अंतराने तीन वेळा लावा. ठसा पुन्हा भिजवायचा नाही आहे. सावली उरलीच तर पूर्ण कोरड्या ठशावर प्रायमरचा हात द्या.

कपड्यांचं ब्लीच मी सुचवत नाही. त्यात पाणीच जास्त. ते पाणी प्लास्टर पिऊन घेतं, वरचा डाग पांढरा दिसतो, आतल्या धाग्यात बुरशी जिवंत राहते आणि मागे राहिलेले क्षार पुढे फुलतात. व्हिनेगरही पाणीच, शिवाय आम्ल. ज्या प्लास्टरमध्ये खडूची भर असते ते व्हिनेगरने फसफसून खरबरीत होतं. आणि ब्लीच व व्हिनेगर, किंवा ब्लीच व संडास साफ करायचं आम्ल, ही दोन एकत्र कधीही आणू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसांना घातक असतो.

अस्थितज्ज्ञांनी हाडासाठी घातलेलं प्लास्टर पावसात भिजलं, त्याला वास येऊ लागला किंवा आत खाज-जळजळ सुरू झाली, तर वरीलपैकी काहीही करू नका. थेट डॉक्टरांकडे जा. ते काढून नवीन घालतात.

पट्टीच्या ठशात बुरशी जाळीपर्यंत गेली आहे का हे पाहायला सर्वांत डागाळलेल्या कडेचा छोटा तुकडा कापा. धागे करडे किंवा काळे दिसले आणि वास आतून येत असेल तर वरचे उपाय पुरणार नाहीत. डाग एका कोपऱ्यापुरता असेल तर तो भाग आजूबाजूच्या दोन बोटं निरोगी प्लास्टरसकट कापून काढा, कडांना अल्कोहोल लावा, वाळवा आणि आतून नव्या पट्टीचे दोन थर देऊन भगदाड बुजवा. सांधा बारीक सॅंडपेपरने सारखा करता येतो, तोही बाहेर आणि मास्क लावूनच.

सगळीकडे पसरली असेल तर मूळ ठसा वाचवायच्या नादात घरातल्या माणसांची छाती धोक्यात घालू नका. आकार वाचवा. ठसा पूर्ण वाळवून, अल्कोहोलने टिपून, मूर्तिकाराकडे किंवा ठसे करणाऱ्याकडे न्या आणि त्यावर सिलिकॉनचा साचा करून मागा. आधी सगळ्या बाजूंनी छायाचित्रं घ्या, कारण साचा काढताना भुसभुशीत झालेली बोटं तुटू शकतात. सिलिकॉनच्या साच्यातून डेंटल स्टोनची नवी प्रत निघते, तिच्यात सुती धागा नसतो, आल्जिनेटचे कण नसतात आणि त्वचेच्या रेषा मूळ ठशात जेवढ्या उरल्या असतील तेवढ्या जशाच्या तशा येतात. एकाऐवजी दोन प्रती काढून घ्या, एक आजोळी ठेवायला. नव्या प्रतीचं वजन पहिल्या दिवसापासून कागदावर लिहायला लागा. जुना ठसा जाड पिशवीत घालून, तोंड घट्ट बांधून कचऱ्यात द्यायला मग हरकत नाही.